भात्यावरचा हात

"घट्ट होतंय का?" कपडेपटातल्या सावळारामदादांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. होत होतं.

माझा डावा हात कोपरात दुमडून, पंजा खांद्याला टेकवून त्यांनी रुंद पट्टीनं आवळून टाकला होता. वरून सैल बाह्यांचा निळा फ्रॉक. बाहीतून फक्त कोपराचं टोक बाहेर यायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या मुलीचा हात इथंच संपलाय. आईनं जरा मागं सरकून मला न्याहाळलं.

"अगदी खरं वाटतंय," ती म्हणाली.

"न्हाई वाटत," खिडकीपाशी बसलेली मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. माझ्याच वयाची होती. सावळी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, शाळेचाच गणवेश. तिचा डावा हात कोपराच्या थोडा खाली खरोखरच संपत होता.

"खांदा चुकतोय तिचा," ती शांतपणे म्हणाली. "खाली पडलाय. माजा बघा. वर असतो. हलका झालाय न्हवं त्यो."

सावळारामदादांनी एकदा तिच्या खांद्याकडे पाहिलं, एकदा माझ्या, आणि पट्टी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

ती वैजू. वैजयंता ढवळे. आमची जाहिरात तिच्यावरूनच लिहिलेली होती.

तेव्हा मी बारा वर्षांची होते. पुण्यात राहायचो, आणि चार वर्षांची असल्यापासून मी जाहिरातींत कामं करायचे. साबण, बिस्किटं, एकदा छत्री. आई सगळीकडे बरोबर असायची. गरम पाण्याचा थर्मास, कंगवा, पिना, माझे संवाद, सगळं तिच्याकडे. या वेळची जाहिरात दुधात घालून प्यायच्या पावडरीची होती आणि चित्रीकरण वाईच्या पुढं, खडकुर्डे नावाच्या गावातल्या शाळेत होतं. दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे सगळी शाळा आमच्याच ताब्यात.

गोष्ट अशी. एका हाताची एक मुलगी. शाळेतली मुलं तिला चिडवतात. ती रडत घरी येते, आई तिला दुधाचा पेला देते. मग मुलगी माळ्यावरची जुनी बाजाची पेटी खाली काढते. भात्याला दोरी बांधते, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवते आणि एकटीच, जिद्दीनं शिकते. शेवटी शाळेच्या कार्यक्रमात ती वाजवते. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, चिडवणाऱ्या मुलांच्या माना खाली. पुन्हा दुधाचा पेला.

आमचे दिग्दर्शक होते देवस्थळी सर. त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी वाईच्या भजन स्पर्धेत वैजूला ऐकलं होतं आणि मुंबईला जाऊन सांगितलं होतं. पण कंपनीला टीव्हीवर ओळखीचा चेहरा हवा होता, म्हणून मुलगी मी झाले. वैजूला बोलावलं होतं ते बोटांसाठी. पेटीच्या पट्ट्यांवर फिरणारी बोटं जवळून दाखवायची होती, आणि मला तर सारेगम सुद्धा धड येत नव्हतं.

सकाळी पहिल्यांदा चिडवण्याचा प्रसंग घेतला. त्यासाठी गावातलीच चार मुलं निवडली होती. त्यांचा म्होरक्या दिगंबर, दिग्या. उंच, पिंगट डोळ्यांचा, सारखा हसणारा. वैजूच्याच वर्गातला.

"तिच्या वाटेत उभं राहायचं," देवस्थळी सरांनी समजावलं. "दप्तर ओढायचं आणि मोठ्यानं हसत म्हणायचं, थोटी, ए थोटी. जमेल?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "जमंल की," दिग्या म्हणाला.

मी तोवर हा शब्द कधी ऐकला नव्हता. पहिल्या दोन वेळा तो नुसता कानावर पडला. मग दिव्यांची मांडणी बदलली, दप्तराचा पट्टा तुटला, एकदा मध्येच कोंबडी आली, आणि प्रत्येक वेळी ते चौघं माझ्याभोवती गोल करून तेच म्हणायचे. बांधलेल्या हाताला मुंग्या आलेल्या. किती वेळानं कोण जाणे, पण मला खरंच रडू फुटलं. ते नाटकातलं रडणं नव्हतं. नाक वाहणारं, श्वास अडकणारं.

"सुंदर," सर म्हणाले. "हेच हवं होतं."

आई रुमाल घेऊन धावत आली. तिच्या मागून वैजूही आली आणि माझ्याकडे जरा कुतूहलानं बघत उभी राहिली.

"तुला लागलं व्हय गं मनाला?" तिनं विचारलं.

"तुला नाही लागत?"

ती विचारात पडली. "असं म्हणत न्हाईत ते," ती म्हणाली. "असं गोल करून, हसून. असं असतं तर मी दगूड घातला असता एकाच्या डोक्यात."

"मग कसं म्हणतात?" हे देवस्थळी सरांनी विचारलं. ते कधी जवळ आले ते आम्हाला कळलं नव्हतं.

"सरळच म्हणत्यात. थोटे, वही दे. थोटे, घंटा झाली का. नावच हाय ते माजं."

सर म्हणाले, "टीव्हीवर ते कळणार नाही गं कुणाला," आणि पुढच्या तयारीला लागले.

जेवणाच्या सुट्टीत माझा हात सोडायला वेळ नव्हता. मी तशीच वैजूशेजारी व्हरांड्यात बसले. डबा उघडता येईना. तिनं तो माझ्या हातातून घेतला, दोन गुडघ्यांत धरला आणि झाकण एका झटक्यात काढून दिलं.

"वेण्या कोण घालतं तुझ्या?" मी विचारलं.

"मीच. एक टोक दातात धरायचं."

"आणि पेटी? सगळं त्या दोरीनं करतेस?"

ती हसायला लागली. इतकी, की तिला ठसका लागला. "कसली दोरी? दोरीनं सूर फाटतोय. पाय काय हात हाय का?"

"मग?"

"पेटीला वाजवायला एकच हात लागतो की. दुसरा नुसता भात्याला. त्यो तात्या मारत्यात." तिनं मैदानाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याकडे हनुवटीनं खूण केली. पांढरं धोतर, टोपी, आणि मांडीजवळ धडप्यात बांधलेली पेटी. ते तिचे आजोबा, आईचे वडील, गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. वैजूचा हात ती पाच वर्षांची असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. जखम भरली, पण पोरगी बोलेना, जेवेना, सारखी भिंतीकडे तोंड करून पडायची. तेव्हा तात्यांनी तिला पेटीपुढं बसवलं आणि स्वतः समोर बसून भाता मारायला लागले. तेव्हापासून ते स्वतः मंडळात वाजवत नव्हते. वाजवायची ती, भाता त्यांचा.

हे सगळं तिनं मला भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, दुसऱ्या कुणाची तरी हकिगत असावी तसं.

जेवणानंतर बोटांचं चित्रीकरण होतं. पेटी टेबलावर मांडली, दिवे जवळ आणले आणि मग कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणालं, "रंग जमत नाहीये."

माझा हात गोरा होता, वैजूचा सावळा. मेकअपवाल्या बाईंनी तिचा हात मांडीवर घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत फिकट रंगाचा थर द्यायला सुरुवात केली. एक थर वाळला की दुसरा. नखांच्या कडेनं बारीक ब्रश. मध्ये मध्ये त्या माझा हात जवळ धरून रंग पडताळायच्या. वैजू मान वाकडी करून बघत होती.

"निघंल का?" तिनं एवढंच विचारलं.

"साबणानं निघतो."

ती वाजवायला बसली. समोर तात्या भात्यावर, पण ते चित्रात येणार नव्हते. पाच-सहा वेळा वरखाली बोटं फिरवून झाली आणि सर म्हणाले, "झालं. छान." वैजू उठली नाही. ती इकडंतिकडं बघत होती.

"माईक कुटं हाय?" तिनं विचारलं.

"माईक नाही. याला आवाज लागत नाही," सरांच्या मदतनीस मुलीनं सांगितलं. "संगीत मुंबईला होणार. स्टुडिओत. व्हायोलिन वगैरे."

तात्यांचा भात्यावरचा हात थांबला. "म्हंजे हिचं वाजवणं न्हाई येणार?"

"हात येणार ना. हात तिचाच."

"हात," तात्या म्हणाले. ते उठले आणि सरांसमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "सायेब, तुमचा माणूस म्हनला, पोरीची पेटी सगळ्या देशाला ऐकू जाईल. मी तीन सूर नवे बसवून घेतले साताऱ्याहून. आनि तुमी तिचा हात चुन्यागत रंगवून, मुका करून घेऊन निगालात."

"तात्या, चूक झाली सांगण्यात," सर म्हणाले. त्यांना खरोखरच ओशाळल्यासारखं झालं होतं. "कंपनीचं संगीत आधीच ठरलेलं असतं. माझ्या हातात नाही ते."

तात्यांनी पेटीचं धडपं झटकून खांद्यावर टाकलं आणि ते बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. पेटी तशीच राहिली. वैजूही तिथंच राहिली, आपल्या रंगवलेल्या बोटांकडे बघत.

तीन वाजता शाळेच्या हॉलमध्ये शेवटचा प्रसंग होता. त्याचे दोन भाग होते. एक, स्टेजवर वाजवणारी मी. तो दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा होता. दुसरा, ऐकणारे लोक. त्यांचे चेहरे आज घ्यायचे होते, कारण गावकरी आजच्यासाठीच बोलावलेले. हॉल गच्च भरला होता. बाया लुगड्यांत, पुरुष टोप्या घालून, कडेवरची पोरं, शाळेचे मास्तर. पहिल्या रांगेत दिग्या आणि त्याचे तिघं. स्टेजवर कॅमेरा, त्यांच्याकडे तोंड करून.

टेपवर व्हायोलिनची धून लावली. सर म्हणाले, "समोर ती मुलगी वाजवतेय. तुमच्या मनात कालवाकालव होतेय. बघा तिच्याकडे."

लोक कॅमेऱ्याकडे बघून हसले. एका बाईनं पदर तोंडाला लावला तो हसू दाबायला. मागं कुणाला तरी शिंक आली आणि रांगच्या रांग फिस्स करून हसली. पुन्हा धून, पुन्हा सूचना. कुणी इतकं दुःखी तोंड करायचं की शेजारचा त्याच्याकडे बघत बसायचा. मेकअपवाल्या बाई डोळ्यांत घालायचं औषध घेऊन रांगेतून फिरल्या. एक आजीबाई म्हणाल्या, "माजं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मला नगो." दिग्या मान खाली घालायचा आणि खालच्या खाली शेजारच्याला चिमटा काढायचा.

ऊन खिडक्यांवरून सरकत चाललं होतं. सरांनी घड्याळ पाहिलं, कपाळ पुसलं आणि मग स्टेजच्या पायऱ्यांवर बसलेल्या वैजूकडे आले. तिच्यापुढं उकिडवे बसले.

"वैजू, एक मागू का? हे तुझं ऐकतील. तू वाजव. आवाज जाहिरातीत येणार नाही, हे मी तुला आता सरळ सांगतो. मला फक्त यांचे चेहरे हवेत."

वैजूनं दाराबाहेर लिंबाकडं पाहिलं. मदतनीस मुलगी धावत जाऊन तात्यांना विचारून आली. "ते म्हणतात, मी भाता मारणार नाही. तिला वाजवायचं तर तिनं वाजवावं, मी नाही म्हणणार नाही. पण मी येणार नाही."

मग मी म्हटलं, "मी मारते भाता."

का म्हटलं, मला आजही नीट सांगता येत नाही. मला पेटीतलं काही कळत नव्हतं. आईनं लगेच माझा दंड धरला. "इरा, तुझा हात बांधलेला आहे. उद्या पुन्हा..."

"सोडा की मग," वैजू आईला म्हणाली.

सावळारामदादांनी पट्टी सोडली. हात खाली आला तेव्हा तो माझा वाटेना, इतका बधिर झाला होता. आम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला, स्टेजवर सतरंजी टाकून समोरासमोर बसलो. मध्ये पेटी. तिच्या बाजूला पट्ट्या, माझ्या बाजूला भात्याची फळी.

"ओढ आनि सोड," ती म्हणाली. "लई जोर नगो."

तिनं एक सूर दाबला. मी फळी ओढली, ढकलली, ओढली. सूर मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, धापा टाकायचा. खाली लोक हसले.

"भांडी घासतीयास व्हय?" ती दबक्या आवाजात म्हणाली. मला रडू यायला लागलं. तिनं सूर सोडला नाही. "माज्या बोटांकडं नगो बघू. खांद्याकडं बघ. डाव्या."

मी पाहिलं. गणवेशाच्या बाहीत तिचा अर्धा हात हलत होता. सावकाश पुढं यायचा, टोकाला जरा थांबायचा, मागं जायचा. ती पेटीकडे बघतही नव्हती. जो पंजा तिला सात वर्षं नव्हता, त्या पंजानं ती भाता मारत होती. अगदी नीट, न चुकता, तात्या समोर असोत किंवा नसोत.

मी माझा हात त्या खांद्याच्या मागोमाग नेला. तो आला की ओढायचं, गेला की सोडायचं. आणि सूर सरळ झाला. एखादी वाकडी तार कुणीतरी दोन टोकांना धरून ताणावी, तसा एकदम सरळ. हॉलमधला आवाज थांबला.

ती बराच वेळ त्या एकाच सुरावर राहिली. मग शेजारचा घेतला, परत आली. मग हळूहळू एक चाल सुरू झाली. मला ती ओळखता आली नाही, पण खाली बसलेल्या प्रत्येकाला आली, हे मला त्यांच्याकडे न बघताही कळलं. नंतर समजलं, ती त्यांच्या काकड्याची चाल होती. कार्तिकात पहाटे अंधारात, थंडीत घोंगड्या पांघरून सगळं गाव देवळात जातं, तेव्हाची. त्यातली किती माणसं ती चाल आईच्या मांडीवर झोपेत ऐकून मोठी झाली होती. दुपारी, दिव्यांच्या झळेत, घामानं निथळणाऱ्या त्या हॉलमध्ये वैजूनं ती इतकी हळू वाजवली की दोन सुरांच्या मध्ये मला माझ्या छातीतले ठोके ऐकू यायचे.

मी कधी काही वाजवलेलं नव्हतं. पण फळी माझ्या हातात होती, आणि हात मला सगळं सांगत होता. ती वरच्या सुरांवर गेली की फळी हलकी व्हायची. दोन पट्ट्या एकदम दाबल्या की तिला हवेची भूक लागायची, आणि ती भूक कानाच्या आधी माझ्या तळहाताला कळायची. थोड्या वेळानं मला तिच्या खांद्याकडे बघायचीही गरज उरली नाही. ती श्वास घ्यायची तेव्हा मी ओढत होते. कुठं तिचं संपतं आणि कुठं माझं सुरू होतं ते मला कळेना. भीती वाटावी असं काहीतरी होतं ते, पण मला भीती वाटली नाही.

मग मी लोकांकडे पाहिलं.

कुणीही रडत नव्हतं. ते फक्त कॅमेरा विसरले होते. मघाशी हसणारी बाई कडेवरचं पोर खाली ठेवून हात मोकळे सोडून बसली होती, आणि पोरही गप्प होतं. मोतीबिंदूवाल्या आजींनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मास्तरांची टोपी त्यांच्या हातात आली होती. दिग्याला मान खाली घालायला सांगितलं होतं. त्यानं ती घातली नव्हती. तो सरळ समोर बघत होता, तोंड जरा उघडं, आणि मांडीवर त्याचा हात ठेका धरत होता, त्याला न विचारता. भिंतीपाशी माझी आई थर्मास छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ती मला बघत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर कॅमेऱ्याचे दिवे लागलेले असताना आई मला बघत नव्हती.

दारात तात्या उभे होते. उंबऱ्याच्या बाहेरच. टोपी काढून.

चाल संपली ती कधी, हे सांगता येणार नाही. शेवटचा सूर तिनं दाबून ठेवला आणि मी भाता तसाच हळू सोडत गेले, पेटीतली हवा संपेपर्यंत. मग काहीच नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कुणी उठलं नाही. बाहेर कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

देवस्थळी सर 'कट' म्हणायचे विसरले होते. शेवटी कॅमेरामन हळूच म्हणाला, "सर, रीळ मघाशीच संपलंय." आणि तरीही तो डोळा कॅमेऱ्याला लावून उभाच होता.

लोक उठले ते कुजबुजत, देवळातून निघावेत तसे. सर वैजूपाशी आले आणि सतरंजीवरच बसले.

"उद्याचा सीन तू कर," ते म्हणाले. "शेवटचा. स्टेजवर तू बस. मी कंपनीशी बोलतो. भांडतो हवं तर."

मी आईकडे पाहिलं. करार, चेहरा, पोस्टर, सगळं माझ्या नावावर ठरलेलं. आई अशा वेळी कुणाचं ऐकत नसे. आज ती नुसती वैजूकडे बघत उभी होती.

"पायानं दोरी ओढायची का?" वैजूनं विचारलं.

"हो. म्हणजे, गोष्ट तशीच आहे ना. ती एकटी..."

"मग नगो."

"का?"

"मी कदी एकटीनं वाजवल्यालं न्हाई."

ती रंगवलेल्या हातानं पेटीचं झाकण लावत होती. "हिलाच करू द्या," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "तिला जमंल. तुमच्या गोष्टीत ती पोरं मान खाली घालत्यात न्हवं?"

"हो."

"कशापायी? ऐकलं की त्यांनी."

"त्यांनी तुला इतकं चिडवलं. तुला वाटत नाही, त्यांना लाज वाटावी?"

"वाजवताना ती मला दिसतबी न्हाईत," वैजू म्हणाली. मग जरा थांबून, "कुनीच दिसत न्हाई. तात्या बी."

तात्या आत आले, पेटी धडप्यात बांधली आणि खांद्यावर घेतली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरा मारलास भाता," ते म्हणाले. "पैल्यांदा मारनाऱ्याचं लई फाटतं."

संध्याकाळच्या आत दिग्याचा एक जवळून घ्यायचा चेहरा राहिला होता. चिडवतानाचा. त्याला पुन्हा शाळेच्या फाटकापाशी उभं केलं, समोर मी, हात पुन्हा बांधलेला. सर म्हणाले, "हं, म्हण."

तो उभा राहिला. ओठ उघडले, मिटले.

"म्हण ना. सकाळी म्हणालास तसं."

"सकाळचं गेलं," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. सरांनी समजावून पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं. शेवटी त्यांनी सकाळच्या रिळावरच भागवलं.

मी हे वैजूला सांगितलं होतं. पुढं खूप वर्षांनी आम्ही भेटलो, तेव्हा तिनं मला त्याचा शेवट सांगितला. "तवा गप बसला खरा," ती म्हणाली. "दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, आनि पंधरा दिसांत पुन्ना थोटे म्हनाया लागला. पन काकड्याला मात्र रोज यायचा. पार पुढं येऊन बसायचा." तोवर तात्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती तीन गावांच्या मंडळांना पेटी शिकवते. भाता कधी भाचा मारतो, कधी नवरा, कधी जो समोर असेल तो. दिग्याचं वाईला गॅरेज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेजवर बसले, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून. सर म्हणतील तसं हसले, रडले. सगळं वेळेत झालं. जाहिरात पुढच्या दिवाळीत लागली.

पहिल्यांदा लागली तेव्हा आमच्या पुण्याच्या घरी काका, आत्या, शेजारचे सगळे जमले होते. मी चिडवणाऱ्या मुलांच्या घोळक्यात रडत होते. मग पट्ट्यांवर फिरणारी गोरी बोटं आली. मग व्हायोलिन चढत गेलं आणि हॉलमधले ते चेहरे आले, एकामागून एक. मास्तर, आजीबाई, पोर खाली ठेवलेली बाई, दिग्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय काम करतात गं हे खेड्यातले लोक," ती म्हणाली. "आणि तू तर काय. काय वाजवलंयस."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. पाहुणे गेल्यावर, रात्रीच्या बातम्यांच्या आधी जाहिरात पुन्हा लागली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, टीव्हीपाशी गेली आणि तिनं आवाजाचं बटण पिळून पार बंद केलं. मग माझ्याशेजारी येऊन बसली. पडद्यावर ते चेहरे आले, आणि घरात अजिबात आवाज नव्हता.

त्यानंतर वर्षभर ती जाहिरात लागत राहिली. जेव्हा जेव्हा लागायची, आम्हा दोघींपैकी जी जवळ असेल ती उठायची आणि आवाज बंद करायची. ते चेहरे सरकून जाईपर्यंत आम्ही दोघी श्वास धरून बसायचो, आणि आम्हाला ऐकू यायचं.